सादळलेलं शीड

रेवदंड्याला पावसाळ्यात आम्ही काडेपेटीसुद्धा झाकणाच्या डब्यात ठेवतो. बाहेर राहिली की सादळते, मग दहा काड्या ओढल्या तरी एक पेटत नाही. मिठाला पाणी सुटतं, तळलेला पापड तासाभरात वातड होतो. एकीकडे समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या. हवा कोरडी होणार कुठून? इथल्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. शेजारच्या सुनेला मात्र केक करताना ते आठवलं नाही. मी तिला दोष देत नाही. ती पुण्याची, आणि तिची कृती पुण्यात कधी फसली नव्हती.

लग्नानंतर तिने घरच्या घरी केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. कोळीवाड्यातल्या एका घरी नारळी पौर्णिमेला नातवाचा पहिला वाढदिवस होता. त्यांना केकवर होडी हवी होती, पांढऱ्या शिडाची. श्रावण असल्यामुळे अंडं चालणार नव्हतं, जिलेटिनही नाही. केक मढवायचं फाँडंट, म्हणजे साखरेची मऊ कणीक, विकत घेतलं तर महाग पडतं, म्हणून ती ते घरीच करायची. अर्धा किलो आयसिंग शुगर वस्त्रगाळ करून घ्यायची. जिलेटिनऐवजी चायना ग्रासची पूड पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायची. ती नीट उकळली नाही तर फाँडंटमध्ये कण राहतात. मग त्यात ग्लुकोज, चमचाभर ग्लिसरीन, थोडं तूप. हे मिश्रण गरम असतानाच साखरेत ओतून पुरणपोळीच्या कणकेसारखं मळायचं, कारण चायना ग्रास पटकन आळतं.

दोन दिवस आधीच तिने केक मढवला, होडी केली, शीड उभं केलं आणि रात्री सगळं फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बाहेर काढलं आणि पाच मिनिटांत केकला घाम फुटला. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो ना, तसाच. निळा रंग ओघळून पांढऱ्यात उतरला. शीड आधी वाकलं, मग होडीवर निजलं.

ती ओट्याला टेकून रडत होती. सासूबाई आल्या. बोलल्या काहीच नाहीत. शिडाचा तुकडा चिमटीत धरून चोळला, बोटं चिकटली, तशी म्हणाल्या, "ओली झालीय गो साखर. ह्यात घातलंस काय काय?"

सुनेने सगळं सांगितलं.

"ते ग्लिसरीन कशाला?"

"ओलावा धरून ठेवतं, आई. नाहीतर फाँडंटला भेगा पडतात."

"मग इथे ओलावा कमी पडतोय का?"

सून गप्प झाली.

सासूबाईंना फाँडंट हा शब्दही नीट उच्चारता येत नव्हता. पण चाळीस वर्षं त्यांनी संक्रांतीचा हलवा केला होता. परात मंद आचेवर, त्यात तीळ, वरून चमचा-चमचा पाक, आणि हात सतत फिरता. नव्या सुनांचे, बोरन्हाणाच्या बाळांचे हलव्याचे दागिने गावात त्यांच्याच हातचे जात. एका वर्षी ऐन पौषात पाऊस आला आणि हलव्याला काही केल्या काटा येईना. त्यांनी पाक बदलला, आच बदलली, तीळ बदलले. शेवटी परात झाकून दोन दिवस स्वस्थ बसल्या. आभाळ निवळलं, गार वारं सुटलं आणि त्याच पाकाला सुईसारखा काटा आला. "साखर हवा पिते," त्या सुनेला म्हणाल्या. "आधी हवा बघायची, मग वजनं."

मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. असं ज्ञान आपल्या घराघरांत परातीत पडून आहे. ते विचारायचं असतं, हेच आपण विसरतो.

दुसऱ्या खेपेला दोघी माजघरात बसल्या. भाताचं आधण, दोरीवरचे ओले कपडे, सगळं लांब. ग्लिसरीन वगळलं, ग्लुकोज निम्मं केलं, साखर थोडी वाढवली. पातळ रंगाऐवजी जेलचा रंग घेतला, म्हणजे जास्तीचं पाणी नको. गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पापडाच्या घट्ट डब्यात थोडा वेळ ठेवला. शिडाच्या तुकड्यात चिमूटभर सीएमसी पावडर मळली, कारण त्या पावडरीने तुकडा कडक वाळतो. त्याला पोट कसं आणायचं, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांनी करवंटी घासून पुसून कोरडी केली, तिच्या पाठीवर कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं आणि लाटलेलं शीड त्यावर पसरलं. मग ती करवंटी पिवळा दिवा लावलेल्या कपाटात ठेवली. सकाळी सुनेने शीड अलगद उचललं. वाऱ्याने भरलेलं असावं तसं ते फुगलेलं होतं, आणि नखाने टिचकी मारली तर टक् वाजलं.

केकला आतून बटरक्रीम होतं, फ्रिजची गरज नव्हती. पौर्णिमेला दुपारी तो खोक्यात घालून कोळीवाड्यात पोचला. दर्याला नारळ वाहून मंडळी परतली, दिवेलागणीला केक कापला, तोवर शीड ताठ होतं.

सुनेच्या वहीत आता एकाच फाँडंटच्या दोन कृती आहेत. एका पानावर वर लिहिलंय, "मार्गशीर्ष ते माघ". दुसऱ्या पानावर, "बाकीचं वर्ष". त्या पानावर ग्लिसरीनपुढे शून्य आहे, आणि खाली सासूबाईंच्या मोठ्या, वळणदार अक्षरात एकच ओळ: फ्रिजमध्ये ठेवू नये.