मोठ्या कंपनीत न मावणारी माणसं

"हुशार आहे, पण जमवून घेत नाही." अप्रेझलमध्ये हा शेरा पडला की प्रमोशन लांबतं आणि काही वर्षांत तो माणूस स्वतःच राजीनामा देतो. त्याला नेमकं काय जमत नाही, याचा विचार कंपनी करत नाही. बहुधा तोही करत नाही.

मोठी संस्था उभी राहते ती कामाची आणि जबाबदारीची वाटणी करून. विमान बांधायचं तर हजारो माणसांना आपापला तुकडा सांभाळावा लागतो, वरून आलेला निर्णय पाळावा लागतो. ज्यांना हे जमतं ते लाचार नसतात; मोठी कामं त्यांच्यामुळेच होतात. काहींचा पिंड मात्र वेगळा असतो. त्यांना काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या नजरेखालून जायला हवं असतं. ते खुर्चीपेक्षा जाणकारीला मान देतात. आणि मिटिंगमध्ये एक, चहाच्या टपरीवर दुसरं, असं त्यांना बोलता येत नाही. या तिसऱ्या गुणाची किंमत सर्वांत जास्त.

ती किती असते, हे 'चॅलेंजर'च्या प्रकरणात दिसतं. या अंतराळयानाचे बूस्टर मॉर्टन थायोकोल ही अमेरिकन कंपनी बनवत असे. तिथले अभियंता रॉजर बॉयजोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, की सांध्यातल्या रबरी कड्या दगा देतील आणि माणसं दगावतील. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, कडाक्याच्या थंडीत उड्डाण नको, असं अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं. 'नासा'ने नाराजी दाखवली. मग कंपनीच्या चार वरिष्ठांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून होकार कळवला. फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे अधिकारी अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला. ती वरिष्ठाने केली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं. सातही अंतराळवीर गेले.

दोघांनीही चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं. बॉयजोली सहकाऱ्यांत एकटे पडले आणि त्यांनी कंपनी सोडली. मॅकडोनाल्ड यांना कामावरून बाजूला केलं गेलं, पण अमेरिकन काँग्रेसच्या दबावामुळे ते परत आले आणि बूस्टरच्या नव्या रचनेचं काम त्यांच्याच हाती आलं. पिंड एकच, पण एकाला बाहेरून आधार मिळाला आणि त्याची 'अडचण' कंपनीच्या उपयोगी पडली.

प्रत्येक भांडण असं तत्त्वाचं नसतं. वेळ न पाळणं, दुसऱ्याचं श्रेय लाटणं, टीका सहन न होणं हे दोष छोट्या कंपनीतही दोषच राहतात. म्हणून ज्याला आपण इथे मावत नाही असं वाटतं, त्याने आधी तपासावं : माझा विरोध कामासाठी आहे की माझ्यासाठी? बॉयजोली यांच्या हाती आधीच्या उड्डाणांत झिजलेल्या कड्यांचा पुरावा होता. तसा पुरावा हाती असेल तर तुमच्यात खोट नाही. छोटा उद्योग, प्रयोगशाळा, स्वतंत्र व्यवसाय अशी आपल्या पिंडाची जागा शोधा, आणि ती सापडेपर्यंत आपलं मत लेखी नोंदवत राहा.

आणि ज्यांच्या हातात अप्रेझलचा कागद आहे, त्यांना विनंती : "जमवून घेत नाही" असं लिहिण्याआधी, तो काय सांगत होता ते एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्या.