खंडेनवमीची सायकल

खंडेनवमीला सायकलची पूजा करतात. त्याआधीचे तिचे धुणे-पुसणे हे पूजेचे अंग, की नुसती पूर्वतयारी? सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावी हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. उन्हाळ्यात मातीचा फुफाटा चेनच्या तेलात मिसळतो आणि गिअरचे दाते झिजवणारा काळा लगदा तयार होतो. पावसात तेल धुऊन जाते, गंज चढतो. खंडेनवमी, म्हणजे आश्विन शुद्ध नवमी, येते ती नेमकी पावसाळा सरताना.

षोडशोपचारांत देवाला स्नान आहेच. मग अवजाराचे स्नान पूजेबाहेर का मानावे? बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कायकाला, म्हणजे श्रमाला, उपासनेची प्रतिष्ठा दिली. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल दिसला, असे परंपरा सांगते. या दृष्टीने चेनचा एकेक दुवा रॉकेलच्या फडक्याने पुसणे, ती कोरडी झाल्यावर प्रत्येक रोलरवर थेंबभर तेल सोडणे आणि वर राहिलेले तेल टिपून घेणे हीच पूजा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि धूळ त्याच तेलाला चिकटते.

अशाने पूजेची निव्वळ देखभाल होईल, हा आक्षेप गंभीर आहे. देखभाल उपयोगासाठी असते, पूजा कृतज्ञतेपोटी. पण वर्षभर गंजू दिलेल्या वस्तूला एक दिवस हार घालण्यात कृतज्ञता उरतच नाही. म्हणून पूजाही देखभालीला बाधणार नाही अशी करावी: हळदकुंकू हँडलला वाहावे, तेलकट चेनला नव्हे. आणि पावसात भिजलेली सायकल नवमीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी पुसावी.