बोलावलेलं रक्त

रक्त जिथे पोहोचत नाही अशा जिवंत जागा शरीरात मोजक्याच. डोळ्याच्या पुढचं पारपटल त्यातलं एक. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्राणवायू ते अश्रूंच्या थरातून थेट हवेचा घेतं, बाकीचं पोषण मुख्यतः आतल्या पाण्यातून. पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या बुबुळाच्या कडेपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. त्यांना वाढायला लावणारं रसायन पारपटलातलं एक प्रथिन धरून ठेवतं, हे २००६ साली उघड झालं. फ्लोरिडाच्या मॅनेटी या पाणप्राण्याच्या पारपटलात ते प्रथिन नाही, आणि तिथे रक्तवाहिन्या सर्रास आढळतात!

माणसाच्या पारपटलात त्या शिरल्या, तर काहीतरी बिनसलंय असं समजावं. कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच झोपायची सवय असेल तर हवा तुटते, आणि गुदमरलेलं पारपटल रक्ताला हाक मारतं. नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू, चिघळलेली जखम, जुना जंतुसंसर्ग यांनीही तेच होतं. खुपऱ्यांमध्ये तर या बारीक लाल रेघा वरच्या पापणीखालून बुबुळावर उतरताना दिसतात. रक्त येतं ते मदतीलाच. पण नव्या वाहिन्या कच्च्या असतात, पाझरतात. त्यातून पाणी आणि चरबी साठून नजर धूसर होते. पुढे नेत्रदानातून मिळालेलं पारपटल बसवावं, तर शरीराचे पहारेकरी याच वाटेने येऊन ते नाकारू शकतात.

सगळ्यात वाईट कारण मात्र आपल्याकडे खिशात असतं: चुना. बुबुळाच्या कडेला ज्या मूळ पेशी असतात त्यांनाच तो जाळतो. मग वाहिन्यांना अडवणारं कोणी उरत नाही. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी ज्या मजुरावर पारपटलाचं पहिलं यशस्वी रोपण केलं, त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेच गेले होते. आज तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी पोरं खेळता खेळता दाबतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो.

घरात तंबाखू सुटत नसेल तर निदान चुना तरी पोरांच्या हाती लागू देऊ नका. उडालाच, तर तूप-दूध शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून साध्या पाण्याची धार सोडा, निदान वीस मिनिटं, आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.