शेवटच्या कडव्यातले नाव



आज मी ज्या विषयावर लिहीत आहे तो पाहून काही ज्येष्ठ उपासक कपाळाला आठ्या घालतील. विषय आहे डीजेचा, रिमिक्सचा आणि आपली मुले कानात बोंडे घालून ऐकतात त्या रॅप नावाच्या गाण्याचा. धम्माच्या पाक्षिकात हे कशाला, असे कुणी विचारील. परंतु पंचशील विहारात म्हणून झाल्यावर विहारातच ठेवून यायचे नसेल, तर ते मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवर रचलेल्या कर्ण्यांपर्यंतही गेले पाहिजे.

गेल्या भीमजयंतीच्या आधी आमच्या पेडगावात विहारासमोर बैठक बसली. तरुणांना डीजे पाहिजे होता, म्हाताऱ्यांना नको होता. दोन तास वाद झाला तो सगळा आवाजाचा. त्यावर माझे म्हणणे थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसे कोडे नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवायचे आहेत. "त्यांच्या मिरवणुकीला चालते, मग आमच्याच जयंतीला पोलीस का येतात?" असे पोरे विचारतात. तक्रार खोटी नाही. पण ओसरीवर झोळीत निजलेल्या लेकराला मिरवणूक कुणाची हे कळत नाही, त्याला फक्त दचकणे कळते. प्राण्याला पीडा न देण्याचे शील आपण कुणाच्या बरोबरीसाठी घेतलेले नाही.

खरा प्रश्न मला त्या बैठकीत सापडला नाही. तो आठ दिवसांनी पेडगाव स्टेशनवर सापडला.

परभणीला जायच्या पॅसेंजरची वाट पाहत मी बाकावर बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी शेजारी येऊन बसला. सध्या परभणीला आयटीआय करतो आणि रात्री मोबाइलवर गाणी 'बनवतो'. मी त्याला सहज विचारले, तुम्हांला त्या धडधडाटात काय गोड लागते रे? त्याने काही न बोलता एक बोंड माझ्या कानात दिले.

पहिल्यांदा जुन्या कॅसेटची खरखर आली. मग एक ओळखीचा आवाज. आमच्या पंचक्रोशीतले एक वृद्ध गायक-कवी आहेत, आज ऐंशीच्या घरात. एके काळी त्यांची गायन पार्टी मानवत, पाथरीपर्यंत रात्रभर कार्यक्रम करी, आणि माझे चुलते त्यांच्या मागे ढोलकीवर बसत. तोच आवाज, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा. त्याच्याखाली हळूहळू हलगी आली, हलगीखाली यंत्राचा जाड ठोका, आणि मग या पोराचा स्वतःचा आवाज, गाण्यासारखा नव्हे तर भांडल्यासारखा, यमकांवर यमके टाकीत: कापूस वेचणारी आई, सालगडी आजोबा, परीक्षेच्या फीसाठी विकलेली शेळी. खोटे कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. ज्या प्रकाराला मी धांगडधिंगा म्हणत होतो तो मी कधी नीट ऐकलेलाच नव्हता. तथागतांनी कालामांना सांगितले, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पाहा. मी ते वर्गात शिकवतो, आणि गाण्याच्या बाबतीत मीच ऐकिवावर चाललो होतो.

(हलगीबद्दल एक गोष्ट. आमच्या आधीच्या पिढीने धर्मांतरानंतर गावकीची कामे टाकली, कित्येक ठिकाणी गावच्या सणाला वाजवणेही टाकले. ते योग्यच केले, कारण ते वाजवणे नव्हते, राबणे होते. पण टाकायची होती ती सक्ती. चामड्याच्या वाद्याचा त्यात काय दोष? आणि ज्या मातंग बांधवांच्या हातांनी ती हलगी जिवंत ठेवली त्यांचे घरही आज धम्माकडे वळते आहे.)

गाणे संपले. मी पोराला म्हणालो, "छान आहे रे. पण शेवटचे कडवे कुठे गेले?"

"सर, ते कट केलं. तिथं गाणं हळू होतंय. पोरं नाचायची थांबतात."

शेवटच्या कडव्यात त्या वृद्धांचे नाव होते.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगायला नको, पण नवदीक्षित कुटुंबांतल्या मुलांसाठी सांगतो. आपला शाहीर गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफतो. वामनदादा कर्डक यांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो, हे खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांना माहीत आहे. ते 1922 साली सिन्नर तालुक्यात देशवंडीला जन्मले, मुंबईत गिरणीत खपले, अक्षरओळख त्यांना मोठेपणी झाली, आणि 2004 साली ते गेले तोवर हजारो गाणी समाजाला देऊन गेले. अशा माणसाजवळ वकील नव्हता, कंपनी नव्हती, रॉयल्टीचा कागद नव्हता. गाणे कुणाचे याचा एकच दस्तऐवज होता, तो म्हणजे शेवटचे कडवे. आणि रिमिक्समध्ये नेमके तेच पहिल्यांदा कापले जाते, कारण रिमिक्सला धृपद लागते, शेवट लागत नाही.

आता विचार करा. हे अदिन्नादान आहे काय? आपण 'चोरी करणार नाही' असे मराठीत म्हणतो, पण पाली शब्दाचा अर्थ अधिक बारीक आहे: न दिलेले घेणे. गाणे तर शाहिरांनी दिले होते. कुणीही गावे, कुठेही गावे म्हणूनच दिले होते. गाणे वाजवले म्हणून कुणी चोर ठरत नाही. पण गाणे देताना त्यांनी आपले नाव पुसण्याची परवानगी दिली होती काय? मला वाटते, नाही. नाव गाण्याच्या आत गुंफले याचा अर्थच असा, की जिथे गाणे जाईल तिथे मला घेऊन जा.

अट्ठकथांमध्ये अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे ठाऊक असणे, चोरण्याचे चित्त, त्यासाठी प्रयत्न, आणि घेणे. माझ्या विद्यार्थ्याजवळ तिसरे अंग नव्हते. त्याच्या मनात चोरी नव्हती, नाच होता. तेव्हा त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र स्टेशनवरचे बोलणे झाल्यावर त्याने पुन्हा तसेच केले असते, तर तेव्हाही मला असेच म्हणता आले असते काय?

त्याने मला उलट एक प्रश्न विचारला, आणि तो साधा नव्हता. "सर, तुम्हीच सांगता ना, आत्मा नाही, मी-माझं असं काही नाही. मग नावाचा एवढा आग्रह कशाला?"

गाडी आली, परभणी आली, तरी मला उत्तर सुचले नाही. पुढे कित्येक दिवस ते डोक्यात राहिले. आज मला असे दिसते: अनात्म ही माझ्या स्वतःच्या चित्तावर करायची साधना आहे. माझ्या नावाची आसक्ती मी सोडावी. दुसऱ्याचे नाव मी सोडून देणे याला वैराग्य म्हणत नाहीत. भुकेल्याच्या ताटातली भाकर उचलून त्याला उपोसथाचे महत्त्व सांगावे, तसे ते आहे. आणि आपल्या माणसांच्या बाबतीत तर नावाचा इतिहास कडू आहे. कचरू, धोंड्या, दगड्या ही आपल्या आजोबा-पणजोबांची नावे हजेरीपटावर मी स्वतः वाचली आहेत. त्यांना पुरते नाव घेऊन हाक मारायची गावाची रीत नव्हती. ज्याला आयुष्यभर 'अरे' म्हणून हाक आली त्याने एका कडव्यात स्वतःचे नाव मानाने घातले. त्याला अहंकार म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

हा प्रश्न एकट्या पेडगावचा नाही. हे संगीत जिथे जन्मले तिथेही तो पहिल्यापासून आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्क नावाच्या जमैकाहून आलेल्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला फक्त ठोक्याचा तुकडा आवडतो हे त्याने हेरले होते, आणि एकच गाणे दोन तबकड्यांवर लावून तो तुकडा तो लांबवीत असे. तिथून हिप हॉपची सुरुवात मानतात. बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते तिथून थोड्याच मैलांवर आहे. गरीब काळ्या आणि स्थलांतरित मुलांजवळ वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी तबकडीलाच वाद्य केले. आपल्या पँथरांनी 1972 साली ज्या काळ्या चळवळीकडून नाव घेतले, त्याच समाजाच्या पुढच्या पोरांची ही करामत. पण याच हर्कने तबकड्यांवरची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकली होती, प्रतिस्पर्ध्यांना गाणे कुणाचे हे कळू नये म्हणून. म्हणजे नाव पुसणेही त्या जन्मातच आहे.

त्याचे फळ काय झाले तेही ऐका. 1969 साली 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या काळ्या वादकाने ड्रमवर सहा-सात सेकंदांचा एक तुकडा वाजवला. पुढे तो तुकडा हजारो गाण्यांत घातला गेला. इंग्लंडमधले इलेक्ट्रॉनिक संगीताचे काही प्रकार तर त्याच्यावरच उभे राहिले. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. 2006 साली तो दारिद्र्यात वारला.

आपल्या देशातलेही पाहा. 2021 साली 'एंजॉय एंजामी' हे तमिळ गाणे जगभर गाजले. त्याचे शब्द अरिवू या दलित तरुणाचे, आणि त्यात भूमिहीन पूर्वजांची कहाणी, त्याच्या आजीची कहाणी. त्याच वर्षी एका परदेशी डीजेने त्याचे रिमिक्स केले, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फलक लागला, आणि फलकावर अरिवूचे नाव नव्हते. एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावरूनही तो सुटला, तेव्हा चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांनी उघड आवाज उठवला. मग मासिकाने त्याचे मुखपृष्ठ काढले. ही हकिकत वाचून आपले तरुण संतापतात. संतापावेच. पण आपल्याच कॅसेटमधल्या म्हाताऱ्याचे कडवे आपणच कापतो, हेही त्या संतापात थोडे मिसळावे.

इथे कुणी म्हणेल, संगीत हेच मुळी धम्मात वर्ज्य. तसे नाही. नृत्य-गीत-वादनापासून दूर राहणे हे उपोसथाच्या अष्टशीलात आणि भिक्खूंच्या नियमांत आहे. उपासकाच्या नित्याच्या पंचशीलात नाही. उलट दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणेवर गाणे म्हणतो. आपण गंधर्व आणि इंद्र मानीत नाही. ती गोष्ट प्राचीन संघ संगीताकडे कसे पाहत होता याची साक्ष म्हणून घ्यावी. गाणे कसले, तर आपल्या प्रेयसीला उद्देशून, आणि त्यात बुद्ध, धम्म, अर्हंत यांची मिसळण! आजच्या भाषेत ते रिमिक्सच. भगवान रागावत नाहीत. तारेचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांत छान मिळाले असे म्हणतात, आणि मग विचारतात, हे गाणे तू केव्हा रचलेस? पंचशिख सांगतो, केव्हा, कुठे, कुणासाठी. मी हे सुत्त पूर्वी वाचले होते, पण त्या प्रश्नाकडे माझे लक्ष गेले नव्हते. गाणे आवडल्यावर पहिली चौकशी त्याच्या रचनेची.

माझी बाजूही सर्वस्वी निर्मळ नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या गायन पार्ट्यांनी सिनेमाच्या चालींवर शेकडो भीमगीते बांधली. त्या संगीतकारांना कुणी विचारले होते? मी चुलत्यांची जुनी ट्रंक उघडून त्यातल्या आठ-आठ पानांच्या गीतपुस्तिका पाहिल्या. जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक टायपात छापले होते, 'चाल :' आणि पुढे सिनेमातल्या गाण्याचा मुखडा. म्हणजे वर उसनवारीची कबुली आणि खाली कवीचे नाव. पैसे दिले नसतील, पण लपवले काही नाही. त्या पुस्तिका मी पोराला दाखवल्या. तो बराच वेळ पाने उलटत बसला.

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघे त्या वृद्धांच्या घरी गेलो. मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मांडीवर ठेका धरला, आणि शेवटी म्हणाले, "बाळा, वाजव. पण माझा श्वास जिथं तुटतो तिथं तोडू नको, मला लाज वाटती."

यंदाच्या जयंतीला ते गाणे वाजले. नाव येते तिथे पोराने यंत्राचा ठोका आणि हलगी दोन्ही बंद ठेवली आहे. तेवढा वेळ नुसता म्हाताऱ्याचा आवाज, कॅसेटच्या खरखरीसकट. नाचणारी पोरे थांबली खरी. काही जण चिडून ट्रॅक्टरकडे पाहू लागली, दोन-तीन बायांनी ते नाव तोंडाने घेतले, आणि मग ठोका पुन्हा सुरू झाला. त्या गाण्याची चाल कोणत्या सिनेमातली आहे, हे मात्र पोराने अजून कुठेही सांगितलेले नाही. त्यावरून आमचे भांडण चालू आहे.