धूळ मोजायला शीक

चि. भाचीस,


ताईचा फोन आला होता. बी.एस्सी. झाल्यावर तू बी.एड. करावंस असं भाऊजींना वाटतं आणि तुझ्या मनात मात्र औद्योगिक आरोग्यातली एम.एस्सी. आहे, एवढं कळलं. कामगार कशानं आजारी पडतात हे शिकायला दोन वर्षं कशाला लागतात, असं ताई विचारत होती. तिचा प्रश्न रास्त आहे. उत्तर तुला लिहितो, तू तिला वाचून दाखव.

मे २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या जंगलात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघानं मारल्या. बातमी राज्यभर गेली आणि ती जायलाच हवी होती. पण गिट्टीच्या क्रशरवर वीस वर्षं राबलेला माणूस धाप लागून घरच्या खाटेवर मरतो, तेव्हा त्याचा पंचनामा कोण करतं? त्याला मारणारे सिलिकाचे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या कप्प्यांत जाऊन बसतात आणि तिथं व्रण धरतो. काम सुटलं तरी आजार वाढतच राहतो. छातीच्या फोटोत तो क्षयासारखा दिसतो. त्यातून अशा फुप्फुसाला क्षय लवकर गाठतोही. मग क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि हा माणूस पोटासाठी काय करत होता, हे केसपेपरवर येतच नाही. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमानं सिलिकोसिस हा डॉक्टरनं सरकारला कळवायलाच हवा असा आजार ठरवला. पण ठेकेदाराकडचा मजूर आज या क्रशरवर असतो, पुढच्या वर्षी दुसऱ्यावर. त्याची धूळ कुणाच्या हिशेबात धरायची? या अन्यायाचा मला फार राग येतो, आणि तुलाही तो यावा असं वाटतं.

नुसत्या रागानं काही सिद्ध होत नाही, म्हणून हे शिक्षण. कामगाराच्या कॉलरला, नाकाजवळ, एक छोटा फिल्टर लावतात आणि कमरेला पंप. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा ओढतो. आठ तासांत जवळजवळ एक घनमीटर हवा त्या फिल्टरमधून जाते. कोळसा खाणींसाठी २०१७ च्या विनियमांनी श्वसनीय धुळीची मर्यादा घनमीटरला दोन मिलिग्रॅमवर आणली. पूर्वी ती तीन होती. म्हणजे अख्ख्या पाळीत फिल्टरचं वजन दोन मिलिग्रॅमनं वाढलं की मर्यादा गाठली. हे वजन चिमटीतही सापडणार नाही, आणि एखाद्याचं फुप्फुस वाचणार की जाणार ते त्यावर ठरतं. पंपाचा प्रवाह सकाळी तपासला नाही, फिल्टर दमट राहिला, किंवा नमुना नेमका मशीन बंद असलेल्या दिवशी घेतला, तर आकडा खोटा येतो. खोटा आकडा मालकाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतो. दोन वर्षं लागतात ती हे नीट शिकायला.

त्यापुढचं शिक्षण उपायांचं. आधी धोकादायक पदार्थ बदलता येतो का ते पाहायचं, मग पाणी मारून धूळ बसवायची, यंत्र झाकायचं, हवा ओढून घ्यायची. मास्क सगळ्यांत शेवटी. प्रत्यक्षात सुरुवातच मास्कवाटपाच्या फोटोनं होते. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, कीटकनाशकांची मिश्रणं, फवारा वरून अंगावरच येणारा. तिथं नुसतं 'मास्क का लावला नाही' असं मजुराला विचारणं मला अजूनही बोचतं. शेतालाही कामाची जागाच समज.

आता प्रवेशाचं. गुजरातेत वल्लभ विद्यानगरला याच विषयाची एम.एस्सी. आहे. अहमदाबादला आयसीएमआरची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. तिथलं संशोधन वाचत जा. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथली औद्योगिक सुरक्षेची पदविका नोकरीला उपयोगी, पण ती मुख्यतः अपघात टाळायला शिकवते, हवा मोजायला कमी. 'एएफआयएच' हा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम एमबीबीएस झालेल्यांसाठी. त्यात गुंतू नकोस. ओएचटीए या संस्थेचे अभ्याससंच इंटरनेटवर फुकट मिळतात. निकाल लागेपर्यंत त्यातला घातक पदार्थ मोजण्याचा आणि आवाजाचा वाचून काढ.

आणि प्रबंधाला विषय गावाकडचाच घे. मूलच्या राइस मिलमधला कोंडा आणि आवाज, पोंभुर्ण्यात अगरबत्ती वळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात जाणारी कोळशाची भुकटी, मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या घरात असताना वीटभट्टीवरचा ताप. अशा लहान कामांवर पंप घेऊन फारसं कुणी जात नाही. तुला बायांशी त्यांच्या बोलीत बोलता येतं, त्या तुला कमरेला पंप बांधू देतील. मोजलेला आकडा मात्र त्यांना आधी सांग, मग विद्यापीठाला.

भाऊजींना नोकरीची काळजी आहे. नोकऱ्या आहेत, पण बऱ्याचशा औषध आणि रसायन कंपन्यांत, घरापासून लांब. हे लपवू नकोस.

अर्ज भरण्याआधी वल्लभ विद्यानगरचा विभाग पाहून ये. पंप किती आहेत, सूक्ष्म तराजू चालू आहे का, मुलांना खाणीत किंवा कारखान्यात खरोखर नेतात का, एवढं विचार. नेत नसतील तर तिथं फी भरू नकोस. जायच्या तिकिटाचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
मामा