हिशेबाचा धर्म

सत्कर्म करणाऱ्यानेही हिशेब द्यावा काय, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात जितका जुना, तितकाच आजच्या राज्यकारभारात जिवंत आहे. गोदावरीच्या दक्षिणेस असलेल्या सोनपेठ तालुक्यातील एखाद्या गावी शाळेचे छप्पर गळू लागले, उपकेंद्रातील औषधे संपली, किंवा नळयोजना दप्तरी पूर्ण होऊनही घागर कोरडीच राहिली, तर गावकऱ्याने दाद मागायची कोणाकडे? ग्रामपंचायत पंचायत समितीचे नाव सांगते, पंचायत समिती परभणीच्या जिल्हा परिषदेचे आणि जिल्हा परिषद मंत्रालयाचे.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांच्या हाती शाळा, आरोग्य, पाणी यांची मुखत्यारी आली. त्या मुखत्यारीचा जाब विचारण्यासाठी विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते. लेखापरीक्षेतील आक्षेप पुढे ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते, प्रत्यक्ष कामे पाहते आणि सभागृहास अहवाल देते. लोकांसाठी राबणाऱ्या प्रामाणिक माणसास अशा उलटतपासणीत आपल्या निष्ठेचा अवमान वाटणे स्वाभाविक आहे.

त्याने मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे स्मरण करावे. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांस लुटविले आणि, आख्यायिका सांगते, त्यांना दरबारी धरून नेत असता पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याचे मोल खजिन्यात भरले व रीतसर पावती घेतली. ज्याच्या इच्छामात्रे बादशहाची मती पालटली असती, त्या परमेश्वराने परक्याच्या ठेवीचा हिशेब चुकता करणेच भक्ताच्या रक्षणाचा मार्ग मानावा, यात लोककथेने सांगितलेला फार मोठा नीतिविचार आहे. करुणेने कर्तव्य पवित्र होते. हिशेब मात्र माफ होत नाही.

परंतु भरल्या कोठाराशेजारी रयत उपाशी राहू देणारा बादशहाही त्याच कथेत दोषी ठरतो. जाब विचारणाऱ्याच्या माथीही जाब असतो. जिल्हा परिषदेचा बहुतांश खर्च शासनाच्या अनुदानावर चालतो. तेव्हा काम का झाले नाही, असे विचारणाऱ्या आमदाराने, तरतूद किती केली आणि पैसा केव्हा पोचता केला, हे आधी स्वतःस विचारले पाहिजे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे अभिवचन होते. त्यानंतर चार दशकांनी, १९९४ मध्ये, संविधानाच्या ३७१ (२) कलमानुसार विकास मंडळ स्थापन झाले आणि २०२० मध्ये त्याची मुदतही सरली. पुढे २०२२ नंतर कित्येक वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांनी पाहिला. म्हणजे लोकांनी निवडलेला उत्तरदायी माणूसच साक्षीच्या जागी उरला नाही. या साऱ्याचा हिशेब परभणीकडे मागता येणार नाही. तो विधिमंडळानेच दिला पाहिजे.

लोकधन ही ठेव आहे, आणि ठेवीचा धर्म घेणाऱ्याइतकाच देणाऱ्यालाही बांधतो. म्हणून सोनपेठच्या नागरिकाने ग्रामसभेत आपल्या गावाचा जमाखर्च निर्भयपणे मागावा, आणि मत मागावयास येणाऱ्या आमदारापाशी मराठवाड्याच्या वाट्याचाही तितक्याच निर्भयपणे मागावा. विचारणाऱ्यानेही उत्तर द्यावे, तरच त्याला विचारण्याचा अधिकार आहे.