जागरणाची रात्र

शास्त्रभाग : लूक 22, ओव्या 39 ते 46



आज पुष्कळ वर्षे मी खेडोपाडी आजाऱ्यांच्या खाटेशी बसून प्रार्थना करीत आलो आहे, आणि उठताना प्रत्येकास ‘भिऊ नका’ असे सांगून सुखाने आपल्या घरी गेलो आहे. मागच्या पावसाळ्यात तो शब्द माझ्याकडे परत आला. शेताचा चढ चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे होऊ लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून मला शहरातील इस्पितळात धाडले. तेथे असे ठरले की, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, जिला अँजिओग्राफी म्हणतात, ती दुसऱ्या दिवशी सकाळी करावी.

त्या रात्री मला प्रार्थना सुचेना. संमतिपत्रावर मी न वाचताच सही केली होती, कारण वाचण्याचा धीर नव्हता. भेटीस आलेल्या सोयऱ्यांनी कोण कोण अशाच आजारात गेले त्यांची नावे सांगून ठेवली होती. (आजाऱ्यास भेटावयास जाणाऱ्यांनी ही सवय सोडावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.) पत्नीने विचारले, ‘‘काही वाटत नाही ना?’’ मी म्हणालो, ‘‘छे! प्रभू आहे.’’ ते म्हणणे खरे होते, परंतु ते मी खोट्या रीतीने बोललो. प्रभूचे नाव पुढे करून मी माझे भय झाकीत होतो.

आपल्या मंडळ्यांत अशी एक समजूत आहे की, ज्याला भय वाटते त्याचा विश्वास उणा. ही समजूत शास्त्राला धरून नाही. वर सांगितलेला भाग काढून पाहा. गेथशेमाने बागेत प्रभूने आपले दुःख शिष्यांपासून लपविले नाही. आपणांबरोबर जागे राहा अशी त्याने त्यांजजवळ मागणी केली. जो प्याला पुढे होता तो टळावा असे त्याने बापाजवळ उघड मागितले, आणि मत्तय सांगतो की, त्याच शब्दांनी पुन्हा पुन्हा मागितले. रक्ताच्या थेंबांसारख्या घामाची गोष्ट चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या लूकाने लिहिली आहे. हा लूक वैद्य होता, असे पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. भय अंगावर कसे उतरते हे वैद्यास ठाऊक असते, म्हणूनच ती गोष्ट त्याच्या मनात राहिली असावी, असे मला वाटते. आता, ज्या प्रभूस घाम फुटला त्याच्या दासाचे काळीज धडधडले, तर तो अविश्वासी कसा ठरेल?

परंतु हे सर्व मला त्या रात्री आठवले नाही. आठवण दुसऱ्यानेच करून दिली, व तो आपल्यांपैकी नव्हता. शेजारच्या खाटेवर गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक वृद्ध शेतकरी होता. मध्यरात्री तो म्हणाला, ‘‘पाव्हणं, झोप न्हाई का? भ्या वाटतंय?’’ माझ्या ओठांवर नेहमीचे उत्तर आले होते. पण अंधारात खोटे बोलवेना. मी म्हणालो, ‘‘होय बाबा, फार वाटते.’’ तो म्हणाला, ‘‘मलाबी. माझा नंबर परवा हाय.’’ मग तो उठून माझ्या खाटेशी स्टुलावर येऊन बसला. पावसाविषयी, विहिरीच्या पाण्याविषयी, त्याच्या विकलेल्या बैलांविषयी आम्ही बोललो. मध्येच त्याने विचारले, ‘‘त्या नळीचं डाक्टरास्नी इचारलंत का?’’ मी विचारले नव्हते. ‘‘मग इचारा की! इचारल्याबिगर त्यास्नी कसं कळंल?’’ पहाटे परिचारिका आली तोवर तो जागाच होता. बागेत तिघे शिष्य झोपी गेले. माझ्याजवळ तो माळकरी जागा राहिला.

सकाळी मी डॉक्टरांस विचारले. ते हसले नाहीत. कागदावर त्यांनी हृदय काढून दाखविले. हृदय सर्व शरीरास रक्त पुरविते, परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूस जे रक्त लागते ते महाधमनीच्या मुळापासून निघणाऱ्या दोन रक्तवाहिन्यांतून येते. त्या कोठे अरुंद झाल्या असतील तर चढ चढताना छाती आवळते. मनगटाजवळची (कित्येकांस जांघेतली) तेवढीच जागा सुईने बधिर करून एक बारीक, लवचिक नळी तेथपर्यंत नेतात, तीतून औषधी द्रव सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्र घेतात. माणूस जागा असतो, आणि नळी आत सरकताना बहुधा कळतही नाही. धोका मुळीच नाही असे ते म्हणाले नाहीत; मोठा अपाय क्वचित होतो, असे म्हणाले. त्या खरेपणानेच मला अधिक धीर आला. मग त्यांनी मला विचारले : मधुमेहाच्या गोळ्या घेता काय? रक्त पातळ करण्याचे औषध? मूत्रपिंडाचा विकार? पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या काय? बंधूंनो, या प्रश्नांची उत्तरे भिडेने दडवू नका.

जर्मनीत एबर्सवाल्ड येथे 1929 साली फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने अशी नळी प्रथम स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत घातली आणि ती तशीच ठेवून क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. 1956 साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्याच्यापुढे वाट दाखविणारा कोणी नव्हता. माझ्यापुढे असंख्य लोक त्या वाटेने जाऊन आले होते.

टेबलावर मी एकच लहान प्रार्थना केली, व तीच पुन्हा पुन्हा केली. द्रव सोडताच छातीपासून खाली एक ऊब पसरली आणि ओसरली. एका रक्तवाहिनीत अरुंद जागा सापडली. तूर्त गोळ्या व पथ्य यांवर भागेल, असे सांगण्यात आले.

मग मी पत्नीस आदल्या रात्रीचे सर्व खरे सांगितले. ती म्हणाली, ‘‘मला ठाऊक होते. मीही व्हरांड्यात जागीच होते.’’

त्या रात्री मनगटाची पट्टी सांभाळीत मी ते स्टूल ओढून म्हाताऱ्याच्या खाटेशी नेले. त्याचा नंबर सकाळी होता.